रंग वेगळा म्हणून साडी परत आली? ऑनलाइन विकताना या चुका टाळा

येवल्यातल्या एका विणकर घरातली राणी रंगाची पैठणी मी एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर लावली होती. तीनदा विकली गेली आणि तीनदा परत आली. विक्रेत्याच्या पॅनेलवर (ऑर्डर आणि रिटर्न दिसतात त्या पानावर) तिन्ही वेळा कारण एकच: रंग फोटोसारखा नाही. तिसऱ्या वेळी मी साडी खिडकीशी नेली, फोनवरच्या फोटोशेजारी धरली, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकं खरं बोलत होती. फोटो संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घाईत काढलेला होता आणि त्यात राणी रंग चक्क लालसर झाला होता. कित्येक आठवडे मागावर राहून उतरलेली साडी माझ्या त्या घाईमुळे तीन घरं हिंडून आली, तिची घडी मोडली. त्याचं वाईट अजून वाटतं.

तेव्हापासून ओळखीच्या छोट्या विक्रेत्यांची लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं फोटो-वर्णनाचं ऑनलाइन पान, मी तपासून देते. रिटर्न वाढले की आधी गिऱ्हाइकाला, मग कुरिअरवाल्याला बोल लावला जातो. मी आधी फोटो उघडते, कारण बरेच रिटर्न फोटो काढतानाच ठरलेले असतात.

लिस्टिंग अचानक दिसेनाशी झाली

माल आहे, किंमत बरोबर आहे, तरी शोधात साडी सापडत नाही. अशा वेळी पॅनेलमध्ये ती सप्रेस झालीय का, म्हणजे मार्केटप्लेसने शोधातून लपवलीय का, ते बघा. ॲमेझॉनवर मेन फोटोची, म्हणजे शोधात दिसणाऱ्या पहिल्या फोटोची, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्हींचा आकडा २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरायला हवा. फोटोवर दुकानाचं नाव, ‘सेल’, फोन नंबर, वॉटरमार्क यातलं काही चालत नाही. झूम चालायचा तर लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. जी वस्तू पार्सलमध्ये जाणार नाही तीही फोटोत नको. साडीसोबत मॉडेलच्या गळ्यातली ठुशी छान दिसते, पण मग ‘ठुशी कुठे आहे?’ असं विचारणारं गिऱ्हाईक भेटतंच. चपलांचा नियम आणखी वेगळा आहे: मेन फोटोत जोडी नाही, एकच पाय, तोही डावीकडे तोंड केलेला. कोल्हापुरीचे किती सुंदर फोटो एवढ्याशा कारणाने अडकलेले मी पाहिलेत.

आपल्या डोळ्यांना पांढरा दिसणारा चार्टपेपर फोनच्या फोटोत बहुधा राखाडी किंवा पिवळट येतो. एडिटिंग ॲपमधल्या ड्रॉपरने कोपऱ्यातला रंग तपासा, आकडा तिथेच कळतो. मग पुष्कळ जण बॅकग्राउंड काढणारं ॲप वापरतात. त्यात दोष नाही, फक्त कडा बघा. ही ॲप्स पदराचे गोंडे खातात, काठाची जर कुरतडतात. झूम करून चारही कडा नजरेखालून घाला आणि जिथे कापलं गेलंय तिथे हाताने दुरुस्त करा.

सप्रेस झालेली लिस्टिंग तशीच सोडून त्याच साडीची दुसरी लिस्टिंग टाकू नका. डुप्लिकेट म्हणून तीही अडकते. जुन्याच लिस्टिंगमध्ये फोटो बदला.

‘रंग वेगळा आला’

या तक्रारीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण साडीच्या धंद्यात पैसा इथेच गळतो.

राणी, जांभळा, वांगी आणि मोरपंखी या रंगांत फोनचे कॅमेरे हमखास फसतात. राणी एकतर लाल होतो नाहीतर निळसर. त्यात ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की एकाच साडीवर दोन छटा दिसतात. म्हणून उजेड एकच ठेवा. सकाळी उजेड असलेल्या पण ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी बसा, पातळ पांढरा पडदा ओढा, घरातले दिवे बंद करा. सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. फोनमधला ‘विविड’ मोड आणि फिल्टर बंद. पहिला फोटो साडीवर पांढरा कागद ठेवून घ्या, त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल) ठरवा आणि मग सेटिंग न बदलता बाकीचे काढा. अपलोड करण्याआधी तोच फोटो दोन वेगवेगळ्या फोनवर उघडून साडी शेजारी धरा. माझ्या घरी एक जुना, स्वस्तातला फोन मी फक्त यासाठी ठेवलाय, कारण गिऱ्हाइकाच्या हातातही बहुधा तसाच फोन असतो.

धूपछाव साडीची गोष्ट वेगळी. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे हलली की रंग बदलतो. तिचा एकच फोटो टाकला तर तो अर्धाच खरा. दोन कोनांतून दोन फोटो टाका, दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा आणि वर्णनात दोन्ही रंगांची नावं लिहा. पॅनेलच्या यादीत नुसता ‘पिंक’ निवडावा लागतो, म्हणून वर्णनात राणी, अबोली, डाळिंबी, जे असेल ते स्पष्ट लिहा. मराठी बायकांना या नावांवरून छटा बरोबर कळते.

पदराच्या उलट्या बाजूचा फोटो जवळजवळ कुणीच टाकत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट मागूनही पुढच्याइतकेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे असतात. अशी यंत्रमागाची सेमी पैठणी विकण्यात गैर काहीच नाही, तिची किंमत आणि तिचं गिऱ्हाईक वेगळं. पण तिच्यावर ‘हँडलूम’ लिहिलं तर ती साडी परत येणारच, आणि येवल्याच्या विणकराच्या पोटावर पाय येतो तो वेगळाच.

लांबीही लिहा. साडेपाच मीटर आहे की ब्लाउज पीससह सहाच्या वर, ब्लाउज पीस जोडलेला आहे की वेगळा, नऊवारी असेल तर नेमके किती मीटर. एवढी एक ओळ नसल्यामुळे परत आलेली पार्सलं मी पुष्कळ पाहिलीत.

दुसऱ्याचा फोटो, आणि न काढलेला फोटो

व्हॉट्सॲपवर घाऊक व्यापाऱ्याचा कॅटलॉग येतो आणि तेच फोटो जसेच्या तसे चढवले जातात. अडचण अशी की त्याच फोटोवर चार ठिकाणी चार प्रतींचा माल बनतो. फोटोतलं कापड भारी सिल्कचं असतं, हातात येतं ते पॉलिस्टर. माल आपल्या हातात येऊन स्वतः फोटो काढल्याशिवाय लिस्टिंग सुरू करू नका. शिवाय फोटोवर हक्क असतो तो दुसऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्रंही येतात. मूळ मालकाने तक्रार केली की लिस्टिंग उतरते आणि खात्यावर डाग राहतो.

हल्ली एआयने मॉडेलला साडी नेसवून घेणं सुरू झालंय. खर्च वाचतो हे मला मान्य आहे. पण चित्र बनवताना ते यंत्र काठावरचे मोर कमी-जास्त करतं, बुट्टीचा आकार बदलतं, प्लेन पोतावर नक्षी उमटवतं. मूळ साडी शेजारी धरून बुट्ट्या मोजल्याशिवाय असा फोटो वापरू नका.

‘नो रिटर्न’ची चिठ्ठी

पार्सलमध्ये ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी चिठ्ठी घालणारे अजून आहेत. ऑनलाइन विक्रीत ती चिठ्ठी तुम्हाला वाचवत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. उशिराच्या बाबतीत सूट आहे ती फक्त आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीची. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ३० दिवस धरले आहेत. ‘आवडली नाही’ म्हणून परत घ्यायची की नाही हे त्या त्या मार्केटप्लेसच्या धोरणावर असतं, आणि विक्रेता म्हणून नोंदणी करताना ते धोरण तुम्ही मान्य केलेलं असतं. लिस्टिंग टाकण्याआधी तुमच्या वर्गवारीचं धोरण एकदा पूर्ण वाचा.

गिऱ्हाइकाला फोन करून ‘रिटर्न रद्द करा, पैसे थेट पाठवतो’ म्हणणं, पाच स्टारसाठी शंभर रुपयांचं कूपन घालणं, हे खातं बंद होण्याचे रस्ते आहेत. आणि गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहिणं २०२० च्या त्याच नियमांनी विक्रेत्याला मना आहे.

परत आलेलं पार्सल

आधी आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे न पोचताच परत आलेलं पार्सल) आणि कस्टमर रिटर्न (गिऱ्हाइकाने घेऊन परत केलेलं) वेगळे करा. आरटीओत पार्सल गिऱ्हाइकाने उघडलेलंच नसतं: पत्ता अपुरा, फोन लागला नाही, सीओडीचे (माल हातात आल्यावर द्यायचे) पैसे तयार नव्हते. त्याचा फोटोशी फारसा संबंध नाही. माल लवकर पाठवला की हे प्रमाण कमी होतं. कस्टमर रिटर्नमध्ये मात्र प्रत्येक कारण एसकेयूप्रमाणे (प्रत्येक वस्तूला दिलेल्या कोडप्रमाणे) वहीत उतरवा. एकाच साडीला एकच कारण दोनदा आलं की ती लिस्टिंग थांबवा आणि फोटो तपासा. तीन रिटर्न होईपर्यंत मी थांबले होते, तुम्ही थांबू नका.

गिऱ्हाइकाने साडी बदलून जुनी परत पाठवली, असंही होतं, आणि तेव्हा विक्रेत्याचं नुकसान खरं असतं. ॲमेझॉनवर त्यासाठी भरपाई मागायचा सेफ-टी क्लेम आहे, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड. पण पुरावा नसेल तर क्लेम टिकत नाही. पाठवताना एकसंध व्हिडिओ घ्या: साडीचा पदर, काठ, टॅग, वजनकाट्यावरचा आकडा, पाकीट बंद करणं आणि त्यावरचं लेबल, मध्ये कुठेही न थांबता. परत आल्यावरही लेबल आधी दाखवून मग टेप कापा. पोतंभर रिटर्न आले म्हणून ते कोपऱ्यात ठेवून आठवड्याने उघडले तर क्लेमची मुदत निघून गेलेली असते. पाकीट फाटलेलं किंवा हलकं लागलं तर डिलिव्हरीवाल्यासमोरच फोटो घ्या.

परत आलेली साडी थेट स्टॉकमध्ये ठेवू नका. उजेडात पूर्ण उलगडा. अत्तराचा वास, निऱ्यांच्या खुणा, पिनेची भोकं, पदराच्या टोकाला हळद-कुंकवाचा डाग. यातलं काहीही दिसलं तर ती साडी ‘नवी’ म्हणून दुसऱ्या बाईला पाठवता येत नाही. ती वेगळी ठेवा, क्लेम बसत असेल तर त्याच दिवशी टाका, आणि क्रेडिट नोट (विक्री परत आल्याची हिशेबातली नोंद) करायची म्हणून तुमच्या जीएसटीवाल्याला त्या महिन्याच्या यादीत द्या.