भाड्याचा फ्लॅट एलएलपीत टाकण्याआधी

फ्लॅट कंपनीच्या नावावर करू का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: भीती नेमकी कसली वाटते?

माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याने भाड्याचं घर एलएलसीत, म्हणजे मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीत, ठेवलंय. भाडेकरू जिन्यावरून पडला नि त्याने दावा लावला, तरी भाच्याच्या स्वतःच्या बचतीला सहसा हात लागत नाही. मात्र कंपनीच्या खात्यातून घरचा किराणा भरायचा नाही, एवढी शिस्त हवी. आपल्याकडे एलएलसी नाही. जवळचा प्रकार म्हणजे 2008च्या कायद्यातली एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. तिला किमान दोन भागीदार लागतात, नवरा-बायको चालतात.

आता खर्च बघा. ऐरोलीतला तुमचाच फ्लॅट तुमच्याच एलएलपीत टाकलात, तरी बाजारभावावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क बसतं. गृहकर्ज असेल तर बँकेची परवानगी, जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर तिथेही विचारणा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणखी वेगळं. शिवाय एलएलपीला पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर, आणि भाडं येवो न येवो, दरवर्षी मे अखेर फॉर्म 11 (वार्षिक विवरण), ऑक्टोबर अखेर फॉर्म 8 (हिशेबाचं विवरण) भरायचा. एकदोन फ्लॅटसाठी हा उपद्व्याप मला काही पटत नाही.

ठाण्यात खरी धास्ती असते ती भाडेकरू हलणार नाही याची. तिथे उपयोगी पडतो नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार. ‘अकरा महिन्यांचा तर आहे, नोटरी पुरे’ म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55प्रमाणे मुदत कितीही असो, करार नोंदवायचाच, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोडून काढणं तुमच्या गळ्यात. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कलम 24खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. हल्ली नोंदणीसाठी अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो. अंगठा टेकवण्याआधी डिपॉझिटचा आकडा आणि शेवटची तारीख स्वतः वाचा; घाई त्याला असते, आपल्याला नाही.

वकील बघताना कोर्ट नाक्यावरच्या पाट्यांवर जाऊ नका. कलम 24चे अर्ज चालवलेत का, हे सरळ विचारा, सनद बघा, फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवा. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.