काजूच्या मेलेल्या फांदीवर नवी बुरशी कशी शोधायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला काजूबागांच्या बांधावर वाळक्या फांद्यांचे ढीग असतात. चुलीत जायच्या आत ते उलटे करून पाहा. वर दिसणारी शेंदरी पंख्यासारखी बुरशी सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात दिवस घालवू नका. विज्ञानाला नवं काही सापडलं तर बहुधा खालच्या, ओलसर बाजूला: चुना फासल्यासारखा पातळ थर, नाहीतर साल फोडून वर आलेले मोहरीएवढे काळे ठिपके. 10 पटीचं भिंग हवंच. पावसाची झड सरून उघडीप पडू लागली की योग्य वेळ.

बुरशी खरवडू नका, लाकडासकट 8-10 सेंमीचा तुकडा करवतीने कापा. प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि त्यावर भलतीच बुरशी चढते, म्हणून कागदी पाकीट. पाकिटावर तारीख, जागा आणि झाड लिहा. बांधावर बिब्बा, आंबाही असतो. साल झडलेला ओंडका काजूचाच कशावरून? फांदी ज्या झाडाची, त्याच्या पानांचा फोटो घ्या. काळे ठिपके फोडल्यावर आत बीजाणू (बुरशीचं सूक्ष्म बी) नसतील तर तुकडा ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डब्यात 2-4 आठवडे ठेवा. बाकी नमुने 40-45 अंशांवर खडखडीत वाळवा. चुलीवरच्या माळ्यावर नको, तिथे उष्णता हातात राहत नाही.

ब्लेडने पातळ काप काढून 3-5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली 1000 पटीत पाहा. किमान 30 बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा. बुरशीच्या एकाच फळावर, म्हणजे बीजाणू धरणाऱ्या एकाच भागावर, विसंबू नका.

मग डीएनएचा आयटीएस भाग वाचून घ्या; बुरशीची जात ओळखायला तोच वापरतात. इथेच बहुतेक जण फसतात. जेनबँकेत, म्हणजे डीएनए-नोंदींच्या जाहीर संग्रहात, जुळणी 95 टक्के आली म्हणजे जात नवी, असं नव्हे: तिथल्या कित्येक नोंदींची नावं चुकीची आहेत आणि जुन्या वर्णनांतल्या असंख्य जातींचा डीएनए कुणी काढलेलाच नाही. त्या वंशातली जुनी वर्णनं काढून मापं ताडून बघा, यजमान झाड वेगळं असलं तरी. लाकडावरच्या पुष्कळ बुरश्या एकाच झाडाला चिकटून नसतात.

तरीही वेगळीच ठरली, तर मूळ नमुना पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या आजरेकर बुरशीसंग्रहासारख्या ठिकाणी जमा करा आणि मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरम या बुरश्यांच्या नावांच्या नोंदवह्यांमधून नोंदणी क्रमांक घ्या. 2013 पासून त्याशिवाय नाव ग्राह्य नाही. बागमालकाला आधी विचारा. भीमगड अभयारण्यातली काडीही वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नका.