समांतर रेषेचे समीकरण काढताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडची मराठी माध्यमाची मुले दहावीच्या भूमितीतून ‘समांतर रेषांचे चढ समान असतात’ हा नियम पक्का करून अकरावीत येतात, आणि तरीही ‘दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या समांतर रेषेचे समीकरण काढा’ या प्रश्नाला त्यांचे हातचे गुण जातात. माझ्या मते याचे कारण नियमाचे अज्ञान नसून, प्रश्नात दिलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती कशासाठी आहे याचा विसर पडणे हे आहे. दिलेल्या रेषेकडून केवळ दिशा घ्यायची असते, आणि नवी रेषा नेमकी कोठून जाणार हे केवळ दिलेला बिंदू ठरवतो.

३क्ष + ४य = १२ या रेषेला समांतर असणारी आणि (−२, ५) या बिंदूतून जाणारी रेषा हवी आहे, असे समजू. सर्वाधिक चुका पहिल्याच ओळीत, म्हणजे चढ लिहिताना होतात. क्ष चा सहगुणक ३ दिसतो म्हणून चढ ३ लिहिला जातो. कोणी ३/४ लिहून ऋण चिन्ह विसरतो, तर कोणी −४/३ असा उलटा अपूर्णांक लिहितो. समीकरणात य एकटा डावीकडे असेल तरच क्ष चा सहगुणक हा चढ असतो. म्हणून आधी ४य = −३क्ष + १२ आणि मग य = −(३/४)क्ष + ३ अशा दोन ओळी लिहाव्यात. चढ −३/४ येतो. या दोन ओळी तोंडी करण्याचा मोह सराव होईपर्यंत तरी टाळावा. लंब रेषांचा भाग नुकताच झाला असेल तर काही मुले सवयीने व्यस्त घेऊन चिन्ह बदलतात आणि ४/३ लिहितात. त्यांनी प्रश्नातील ‘समांतर’ या शब्दाखाली रेघ मारूनच सुरुवात करावी.

य = −(३/४)क्ष + ३ या ओळीतील ३ चे पुढे काहीही काम नाही, कारण तो मूळ रेषेची जागा सांगतो. तोच ३ नव्या समीकरणातही ठेवला, तर फिरून मूळ रेषाच हाती येते आणि बिंदू वापरलाच जात नाही.

बिंदू वापरताना चिन्हांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘य − बिंदूचा य-निर्देशक = चढ × (क्ष − बिंदूचा क्ष-निर्देशक)’ या सूत्रात क्ष मधून बिंदूचा क्ष-निर्देशक वजा होतो; येथे तो −२ असल्यामुळे कंसात क्ष + २ येतो आणि य − ५ = −(३/४)(क्ष + २) ही ओळ मिळते. यानंतर ४ ने गुणताना डावीकडचे ५ हे पद गुणायचे राहून जाते, ४य − ५ = −३क्ष − ६ असे लिहिले जाते आणि उत्तर ३क्ष + ४य = −१ असे येते. बरोबर ओळ ४य − २० = −३क्ष − ६ ही आहे आणि तिच्यावरून ३क्ष + ४य = १४ हे उत्तर मिळते.

उत्तर तपासताना बहुतेक जण फक्त बिंदू ठेवून पाहतात. ते पुरेसे नाही. चढ चुकून ३ घेतला असता य = ३क्ष + ११ ही रेषा आली असती; तीही (−२, ५) मधून जाते, पण ती समांतर नाही. त्यामुळे दोन्ही तपासण्या कराव्यात: क्ष आणि य यांच्या सहगुणकांचे गुणोत्तर मूळ रेषेइतकेच आहे का, आणि बिंदूचे निर्देशक समीकरणाचे समाधान करतात का. गुणोत्तर जुळले नाही, तर बहुतेक वेळा चूक चढात सापडते. गुणोत्तर जुळून बिंदू जुळला नाही, तर ती किंमत ठेवताना किंवा कंस सोडवताना झालेली असते. वरचे −१ असेच पकडता येते, कारण ३(−२) + ४(५) = १४.

याच आकडेमोडीत एक सोपी रीतही आहे. ३क्ष + ४य ही डावी बाजू तशीच ठेवावी, तिच्यात बिंदूचे निर्देशक घालावेत आणि येणारी संख्या उजवीकडे लिहावी. अपूर्णांक येतच नाहीत. मात्र बिंदूचे निर्देशक उलटसुलट घातले गेले, तर ही रीतही वाचवू शकत नाही.

उभ्या रेषेचे गणित वेगळे बघावे लागते. तासगाव भागातील एखाद्या द्राक्षबागेचा आराखडा आलेख कागदावर काढला आहे, ओळी दक्षिणोत्तर म्हणजे कागदावर उभ्या आहेत, एक ओळ क्ष = ९ वर आहे आणि नवी ओळ (३६, २०) येथे रोवलेल्या खांबावरून न्यायची आहे, असे समजा. पहिल्या ओळीवरील (९, ०) आणि (९, ५०) हे बिंदू घेऊन चढ काढू गेल्यास ५०/० येते. हा चढ शून्य मानणारा विद्यार्थी य = २० असे उत्तर लिहितो, आणि ती रेषा बागेच्या सगळ्या ओळींना आडवी छेदत जाते. छेदात शून्य आल्यास चढ निश्चित करता येत नाही. अशा वेळी चढाचे सूत्र बाजूला ठेवून बिंदूचा क्ष-निर्देशक तेवढा घ्यावा. उत्तर क्ष = ३६ आहे.

रेषेबाहेरील बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचे हे रूप जॉन प्लेफेअर यांच्या १७९५ मधील भूमितीच्या पुस्तकामुळे त्यांच्या नावाने रूढ झाले. त्यातील ‘रेषेबाहेरील’ हा शब्द सोडवताना निसटतो. वरच्या उदाहरणात बिंदू (८, −३) दिला असता, तर ३(८) + ४(−३) = १२ आले असते, म्हणजे तो मूळ रेषेवरच आहे. अशा वेळी आकडेमोड चुकली असे समजून खाडाखोड करू नये. बिंदू दिलेल्या रेषेवरच असल्यामुळे त्यातून जाणारी वेगळी समांतर रेषा नाही, असे स्पष्ट वाक्य उत्तरात लिहावे.