विजेच्या मोटारीने बेळगावहून घाटात जाताना : चार्जिंगचा हिशेब

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथून गोव्याकडे किंवा सावंतवाडीकडे निघालेल्या मोटारीला घाट आधी उतरावा लागतो, आणि चढण परतीच्या वाटेवर लागते. म्हणूनच चार्जिंगचा आराखडा परतीच्या प्रवासापासून उलटा मांडत यावा.

चोर्ला घाटाचे उदाहरण घेऊ. जांबोटी, कणकुंबी, साखळी या मार्गाने पणजी सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. तीस युनिटांची बॅटरी असलेली मोटार सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटरला १४ युनिट खर्च करते असे धरले, तर या अंतराला साडेसतरा युनिट लागतात. माणसे व सामान धरून १,७०० किलो वजन ७५० मीटर वर चढवण्यासाठी निव्वळ साडेतीन युनिट ऊर्जा लागते, आणि वाटेत वाया जाणारी ऊर्जा मिळवली की हा आकडा चारच्या घरात जातो. परतीचा एकूण खर्च साडेएकवीस युनिट, म्हणजे बॅटरीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवण्यासाठी एसी सुरू ठेवावा लागतो आणि झाड पडल्यास वळसाही पडतो, हे लक्षात घेता गोव्यातून निघताना बॅटरी ९५ टक्क्यांच्या आसपास भरलेली असावी. कणकुंबीला काही सोय होईल या भरवशावर निघू नये.

उतारावर गाडीची विजेची मोटर जनित्राचे काम करते, त्यामुळे वेगाला रोध बसतो (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) आणि गेलेल्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो. वरच्या साडेतीन युनिटांपैकी दोनएक युनिट मिळाले तरी समाधान मानावे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर मात्र ही ऊर्जा साठवायला जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. बेळगावहून शंभर टक्के भरून निघणाऱ्याला याची चिंता नाही, कारण चोर्ल्याची उतरण सुरू होईपर्यंत पन्नासेक किलोमीटरचा रस्ता मागे पडून बॅटरीत पुरेशी जागा झालेली असते. अडचण होते ती आंबोलीत मुक्काम करून रात्रभर चार्जिंग करणाऱ्याची, कारण सकाळी निघताच सावंतवाडीची उतरण लागते. आंबोलीत ८५ ते ९० टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे. ओल्या वळणांवर या ब्रेकिंगची पातळी मध्यम ठेवावी, कारण एकदम जोराचा रोध बसल्यास चाके घसरू शकतात.

मुक्कामाच्या ठिकाणी चार्जिंग करायचे असल्यास खोली ठरवतानाच चौकशी करावी. मोटारीसोबत मिळणाऱ्या चार्जरला गिझर किंवा एसीसाठी असतो तसा १५ किंवा १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग लागते; अर्थिंग नसल्यास बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये, कारण तासन्‌तास तीन किलोवॉटचा भार वाहताना तो वितळण्याची भीती असते. अठरा युनिट भरायला अशा पॉइंटवर सहा-सात तास लागतात. वीज गेल्यावर तो पॉइंट इन्व्हर्टरवर जातो का, हेही विचारावे, नाहीतर आपल्या मोटारीपायी सगळे लॉज अंधारात बसायचे. बेळगाव हेस्कॉम या कर्नाटकातील वीज कंपनीच्या हद्दीत आहे, तर शिनोळीपासून महाराष्ट्राच्या महावितरणची हद्द सुरू होते. त्यामुळे घरी वीज आहे म्हणून चंदगड-आंबोलीला असेलच असे नाही. वापरलेल्या युनिटांचे पैसे किती द्यायचे, हे आधीच बोलून घ्यावे.

फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग बराच मंदावतो. महामार्गावर कोल्हापूरकडून येताना तेवढ्यावर निघावे. निपाणीजवळचा तवंदी घाट लहान आहे आणि तिथे चढापेक्षा भरधाव वेगच जास्त वीज खातो. घाट चढायचा असेल तेव्हा मात्र उरलेल्या टक्क्यांसाठी थांबावे. ज्या चार्जरवर भिस्त आहे, त्याची स्थिती निघण्यापूर्वी ॲपवर पाहावी, तिथे फोन करून खात्री करावी आणि जवळचा दुसरा चार्जर हेरून ठेवावा. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करावा आणि ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवावेत.

चढताना पडद्यावरचे उरलेले किलोमीटर झरझर कमी होतात आणि उतरताना वाढतात, कारण तो अंदाज नुकत्याच झालेल्या खर्चावर बेतलेला असतो. घाटात टक्केवारीकडे पाहावे. साखळी सोडताना ती साठच्या खाली असेल, तर चढणीला न लागता डिचोली-म्हापशाकडे वळून आधी चार्जिंग करावे.