एक्सलेटरच्या जोडणीत बदल करताय? या चुका टाळा

धडगाव-मोलगीकडचे दगडी चढ, तोरणमाळच्या पट्ट्यातल्या कच्च्या वाटा, पांझरा आणि गिरणेच्या पात्रातली वाळू, पावसाळ्यातली काळी जमीन. खान्देशात फोर बाय फोर गाडीला हे सगळं एकाच जिल्ह्याच्या आसपास भेटतं. यातल्या कुठेही ताकद कमी पडून गाडी अडकली असं क्वचितच होतं. रेस एकदम चढते, चाक जागेवर फिरतं, वाळू उकरतं आणि गाडी पोटावर बसते. म्हणूनच जुन्या महिंद्रा जीप, कमांडर किंवा जिप्सी वापरणारे अनेक जण एक्सलेटरची जोडणी, म्हणजे पेडलपासून इंजिनापर्यंतची दांडी किंवा केबल, बदलून घेतात. विचार योग्यच आहे, पण फिटरला सांगितलं जातं एवढंच, ‘दादा, पेडल हलकं करून दे.’ तिथूनच काम चुकायला लागतं. पेडल हलकं आहे की जड, ही नंतरची गोष्ट. डिझेल पंपाचा किंवा पेट्रोलच्या कार्बोरेटरचा, रेस चढवणारा लिव्हर फक्त पायाचं ऐकतो, की इंजिनाच्या डुलण्याचं आणि चासिसच्या पिळण्याचंही ऐकतो, ते आधी बघायला हवं.

दोष न शोधताच पाना हातात घेणं

‘भाऊ, लो गिअरमा गाडी झटका मारस,’ ही तक्रार आली की लगेच केबल बदलायला घेऊ नका. मोकळ्या, सपाट शेतात गाडी न्या. एक्सलेटरची दांडी किंवा केबल इंजिनाच्या टोकाकडून सोडवा, ती कशात अडकणार नाही अशी बांधा आणि लो रेंजच्या (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरच्या) पहिल्या गिअरमध्ये गाडी नुसत्या स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालवून बघा. डिझेल गाडीला पंपातला गव्हर्नर (इंजिनाचा वेग आपोआप टिकवणारा भाग) आरामात ओढून नेतो. जोडणी सुटलेली असूनही झटके येत असतील, तर दोष तिच्यात नाहीच. इंजिनाचे रबर माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), डिझेल लाइनमधली हवा, स्लोचं सेटिंग, हे आधी तपासा. झटके थांबले, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. अर्ध्या तासाचं हे काम आहे आणि त्यावर उगाच होणारा बराच खर्च वाचतो.

केबलचा आउटर (तारेवरची बाहेरची नळी) चुकीच्या ठिकाणी बांधणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक ही.

जुन्या जीपमध्ये पेडल बॉडीवर असतं, पंप किंवा कार्बोरेटर इंजिनावर, आणि मध्ये लोखंडी दांड्या व बेल क्रँक (ओढीची दिशा वळवणारा कोनी लिव्हर). इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे ते हलणारच. त्यातून लो रेंज लावली की ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) सुमारे अडीच पट आणि पहिल्या गिअरची पट, असा गुणाकार होऊन इंजिन-गिअरबॉक्सच्या अख्ख्या सांगाड्यावर उलटा पीळ बसतो. इंजिन एका बाजूला कलतं. दांडी मात्र बॉडीला बांधलेली, त्यामुळे पाय स्थिर असूनही लिव्हर ओढला जातो किंवा सुटतो. सुटला की रेस उतरते, इंजिन जागेवर येतं, लिव्हर परत ओढला जातो, रेस चढते. गाडी उड्या मारायला लागते आणि ड्रायव्हर आपल्याच पायाला दोष देत बसतो.

यावर उपाय केबल, हे बहुतेकांना माहीत असतं. पण केबलच्या आउटरचं टोक फायरवॉलवरच (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच) घट्ट बांधून तिथून लिव्हरपर्यंत नुसती तार ओढली, तर दांडी काढून काहीच मिळवलं नाही. आउटरचं एक टोक पेडलच्या बाजूला आणि दुसरं टोक इंजिनावरच बोल्ट केलेल्या ब्रॅकेटवर, लिव्हरच्या जवळ, असं हवं. मधल्या आउटरला सैलसर वळण द्या. मग इंजिन कितीही डुललं तरी वळण थोडं बदलतं आणि तारेची लांबी तीच राहते. ब्रॅकेटची पट्टी जाड घ्या. पातळ पत्र्याची पट्टी तारेच्या ओढीने वाकते आणि नवाच ढिलेपणा तयार होतो.

नुसतं भोक बदलून मोकळं होणं

तार लांबच्या भोकात लावून इंजिनाकडचा लिव्हर लांब केला, की तेवढ्याच कोनासाठी जास्त तार ओढावी लागते आणि रेस हळू चढते. हे खरं, पण हिशोब पूर्ण करा. समजा 40 मिमीचा लिव्हर 50 मिमीचा केला आणि आधी पूर्ण रेसला 28 मिमी तार लागत होती, तर आता 35 मिमी लागेल. पेडल तेवढी ओढ देत नसेल तर पूर्ण रेस मिळणारच नाही, आणि ते कळेल भरल्या गाडीने घाट चढताना.

त्यापेक्षा कोनाकडे लक्ष द्या. पेट्रोल गाडीत बटरफ्लाय (हवेची गोल झडप) पहिल्या थोड्याशा उघडण्यातच इंजिनाचा आवाज बदलते. पुढच्या निम्म्या उघडण्यात तेवढा फरक पडत नाही. म्हणजे मऊपणा हवा तो सुरुवातीला. इंजिनाकडचा लिव्हर स्लोवर असताना तारेशी साधारण काटकोनात असेल, तर सुरुवातीला तो सगळ्यात सावकाश फिरतो आणि पुढे वेग घेतो. पेडलच्या बाजूचं उलटं आहे: तिथला लिव्हर सुरुवातीला तिरका असावा आणि दाबत जाल तसा काटकोनाकडे यावा. दोन्हीकडे जमलं, तर भोक न बदलताही फरक जाणवतो. कोन उलटे बसले की पायाचा अंगठा हलला तरी गाडी झेप घेते.

रिटर्न स्प्रिंग काढणं

हे कुणीही, कोणत्याही कारणासाठी करू नये. पेडल हलकं हवं म्हणून स्प्रिंग काढलेल्या किंवा ताणून सैल केलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात, आणि त्यांत माणसं भरलेली असतात. एक स्प्रिंग पेडलला आणि दुसरी थेट इंजिनाकडच्या लिव्हरला हवीच, म्हणजे केबल तुटली तरी रेस आपोआप उतरते. परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून केबल सोडवा, लिव्हर हाताने पूर्ण उघडा आणि सोडा. तो खटकन मागे गेला पाहिजे. रेंगाळला तर गाडी हलवू नका. चावीने बंद न होणाऱ्या जुन्या डिझेल गाडीत स्टॉपची वायरही याच वेळी ओढून बघा. पेडल खरंच जड वाटत असेल तर बहुधा गंजलेली केबल किंवा सुकलेला बुश हे कारण असतं.

स्टॉप स्क्रूला हात लावणं

पंपावरचा कमाल वेगाचा स्क्रू सीलबंद असतो, तो तसाच राहू द्या. जोडणीचं गणित चुकलं म्हणून पंप बदलायचा नसतो. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) जिप्सीत थ्रॉटल बॉडीच्या स्टॉप स्क्रूचंही तेच. पेडलला मात्र खाली स्वतःचा टेकू हवा, नाहीतर पायाचा सगळा जोर केबलवर आणि लिव्हरवर येतो. स्लोवर तारेत एक-दोन मिमी ढील ठेवा. ढील अजिबात नसेल तर स्लो चढलेली राहते, आणि जास्त असेल तर पेडल आधी पोकळ जातं, मग एकदम पकडतं.

ऊन, धूळ आणि ग्रीस

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता वेगळी. केबल एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून नेली की आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन तार चिकटायला लागते. लांबून वळवा, तीव्र वाकण टाळा. आत अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल-ग्रीस घालू नका. धूळ बसून त्याचा लगदा होतो. उघड्या बॉल जॉइंटवर थोडंसं ग्रीस आणि रबरी टोपी पुरते. नदी ओलांडल्यावर आउटरच्या वर तोंड केलेल्या टोकात गाळ साचतो, म्हणून तिथेही टोपी हवीच. तारेच्या टोकाला स्क्रूने दाबून बसवायचा निपल वापरू नका, एकेक धागा तुटत जातो.

हॅण्ड थ्रॉटल (हाताने ओढून रेस धरून ठेवायची सोय) दगडी चढावर खूप उपयोगी, कारण धक्क्याने पाय उडाला तरी रेस बदलत नाही. पण त्याचा जोड लांबट खाचेत सरकणारा ठेवा, म्हणजे हाताने सोडल्यावर लिव्हर पूर्ण मागे जाईल. डांबरी रस्त्यावर आणि उतारावर तो बंदच हवा.

थार सीआरडीईसारख्या इलेक्ट्रॉनिक डिझेल गाडीत केबल नसतेच, पेडलमध्ये सेन्सर असतो. त्याच्या वायरी कापून जुगाड करू नका.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने लिव्हर स्टॉपला टेकतो का ते पाहायचं. खालची मॅट पेडलखाली सरकत नाही ना, तेही तेव्हाच बघा. पहिली कच्ची फेरी झाल्यावर ब्रॅकेटचे बोल्ट आणि बॉल जॉइंटचे लॉक नट पुन्हा आवळा, कारण डिझेलच्या थरथरीने ते सैल होतात.