लेन्स कपाटात ठेवू नका

गोव्यात नवा कॅमेरा घेतलेलं कुणी भेटलं की कोणती बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), कोणती लेन्स, सेकंडहँड चालेल का, हे सगळं विचारतं. लेन्स घरात ठेवायची कुठे, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. मीही कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून आधी तेच सांगते, बाकीचं नंतर.

आमचं घर माशेलला. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. मी पणजीत औषधाच्या दुकानात काम करते. २०१६ मध्ये कॅमेरा घेतला तो सोबत मिळणाऱ्या १८-५५ एमएमच्या लेन्ससकट. रोज बसने रायबंदरवरून जाताना नदीपलीकडे चोडण बेट दिसायचं, सलीम अली अभयारण्याची खारफुटी दिसायची, आणि पक्ष्यांसाठी लांबची लेन्स हवी असं मनात बसलं. दीड वर्ष पैसे बाजूला टाकून ७०-३०० एमएमची लेन्स घेतली. आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली ती सगळ्यात महाग वस्तू.

२०१८ च्या जूनमध्ये पाऊस लागला तशी मी ती लेन्स फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळली, पाऊचमध्ये घातली, पाऊच बॅगेत, बॅग कपाटात साड्यांच्या मागे. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्याच. शिवाय बॅगेत सिलिका जेलच्या वीसेक पुड्या टाकल्या. औषधी गोळ्यांच्या डब्यांतून निघतात त्या, दुकानात एका बरणीत साठवलेल्या. चवथ होईपर्यंत मी बॅग उघडलीही नाही. पावसात कशाला बाहेर काढायची, असा विचार.

चवथीनंतर चोडणला गेले, तर फोटोंत काळा रंग काळा येईना. कवड्या खंड्याची चोच, पाण्यातली सावली, सगळं राखाडी. सूर्य थोडा समोर असला की चित्रावर ताक सांडल्यासारखं व्हायचं. दोन महिने मी सेटिंगशी झगडत होते. आयएसओ कमी केला, व्हाइट बॅलन्स बदलला, नवा फिल्टर आणला. एका फोटोवॉकला एका अनुभवी गृहस्थांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "तुमचा हात अजून बसलेला नाही." मी ते खरं मानलं आणि घरी येऊन रडले. लेन्स हातात घेऊन एकदा उजेडाकडे धरावी, असं त्यांना वाटलं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: जो तुमची वस्तू आणि तुमचा फोटो नीट न पाहता तुमच्या हाताला दोष देतो, त्याच्याकडून शिकू नका.

नोव्हेंबरात एका रात्री वीज गेली. टेबलावर लेन्स उघडी होती, बॅटरीचा झोत तिच्यातून आरपार गेला आणि आत काचेवर पांढऱ्या तंतूंची फांदी दिसली. कडेपासून मध्याकडे पसरलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. बुरशी.

आता हे नीट वाचा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते लेन्समध्ये जाऊ नयेत असं करणं आपल्या हातात नाही. वाढायला त्यांना ओल लागते, साधारण ६५-७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता, तीही बरेच दिवस. सोबत अंधार आणि कोंडलेली हवा. खायला काचेवरची धूळ, बोटाचा तेलकटपणा एवढं पुरतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीला पाणी सुटतं, चपलांवर हिरवं येतं. त्या घरात मी लेन्सला कापडात गुंडाळून अंधारात तीन महिन्यांच्या वर ठेवलं. कापड आणि चामडं ओल धरून ठेवतात. म्हणजे बुरशीला जे जे लागतं ते सगळं मी स्वतःच्या हाताने पुरवलं होतं.

आणि त्या पुड्या? मी फसले ती तिथेच, आणि औषधाच्या दुकानात काम करणारीने फसायला नको होतं म्हणून ते मला जास्त लागलं. सिलिका जेल ओल शोषतं, पण त्याला मर्यादा आहे: दमट हवेत फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी. एक ग्रॅमची पुडी असली तर एक तृतीयांश ग्रॅम, बस्स. माझ्या पुड्या कित्येक आठवडे उघड्या बरणीत पडून होत्या, म्हणजे आधीच पोट भरलेल्या. त्या कोरड्या असत्या तरी बॅगेची चेन हवा अडवत नाही. पुड्या बॅग कोरडी करत नव्हत्या, माशेलचा पाऊस कोरडा करायला बसल्या होत्या. सिलिका जेल हवाबंद डब्यातच काम करतं. बॅगेत टाकलेली पुडी ही फक्त मनाची समजूत आहे. डांबराच्या गोळ्या तर लेन्सजवळ नकोतच, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदळात ठेवायचा सल्लाही ऐकू नका. तांदळाचं पीठ हे बुरशीला आणखी खाणं.

उपाय मला सासूबाईंच्या पुरुमेंताने दाखवला. पावसाळ्याची बेगमी त्या कशी करतात ते मी वर्षानुवर्षं बघत होते. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच मे महिन्यात खडखडीत वाळवायची, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरायची, ओला हात आत घालायचा नाही आणि मधे ऊन पडलं की उघडून बघायचं. नुसतं भरून ठेवलेलं पुरुमेंत नासतं. लेन्सचं तेच आहे. मी रबराची कड असलेला प्लास्टिकचा मोठा डबा आणला, आत अर्धा किलो केशरी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, आणि काहीशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. ३० च्या खाली सतत नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं. जेलचा केशरी रंग उतरला की जुन्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या पातेल्यात मंद आचेवर हलवत गरम करायचं, रंग परत येतो. निळं जेल मी घेत नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट मिळतं, उत्तम असतं, पण नवशिक्याने त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. एकच फरक लक्षात ठेवा: मिरच्यांसारखी लेन्स कडक उन्हात ठेवायची नाही. वंगण पातळ होऊन आतल्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर येतं, आणि काच सूर्याकडे राहिली तर खालचं कापड पेटू शकतं. सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर, पंख्याखाली, तासभर.

बुरशी दिसली म्हणून हातपाय गाळू नका. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत सहसा काही दिसत नाही. माझी लेन्स उघडून साफ करून घेतली. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप जिथे खाल्ला होता तिथली खूण राहिली, ती जात नाही. साफ करणाऱ्याने सांगितलं, "विकून टाका, कोण बॅटरी मारून बघतो?" मी विकली नाही. दुसऱ्या कुणा नवशिक्याचे दोन महिने आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास मला विकायचा नव्हता.

म्हणून सेकंडहँड घेताना तुम्ही बॅटरी माराच. मागून तिरका झोत टाकायचा, पुढून बघायचं, मग उलटं करायचं. निकॉनच्या जुन्या लेन्सला मागे छोटी दांडी असते, ती सरकवून पाकळ्या उघड्या धराव्या लागतात, नाहीतर आतलं दिसतच नाही. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती चालते. फांदीसारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखं धुकं असेल तर तशी लेन्सही नको. विकणारा घाई करू लागला तर उठून या.

कोणती लेन्स घ्यावी, यावर फार बोलत नाही. ५० एमएम एफ १.८ घ्या असं सगळे सांगतात (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, छोटा असला की ती ७५-८० एमएमसारखी, लांबच्या लेन्ससारखी वागते आणि आपल्या घरातल्या माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, उभं राहिलं की अर्धा गणपती चौकटीबाहेर. घुमट वाजवत होणारी आरती टिपायची असेल तर ३५ एमएम एफ १.८ बघा. एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत येतो. निकॉनच्या डी ३२०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिच्यावर 'एएफ-डी' लेन्स हाताने फोकस करावी लागते, तेव्हा 'एएफ-एस' लिहिलेलं तपासून घ्या. प्रीसेटची, म्हणजे फोटोला एका फटक्यात लावायच्या तयार रंगांची, पाकिटं मात्र विकत घेऊ नका. उजेड कुठून येतो ते न बघता रंग लावायची सवय लागली की ती सोडवणं फार कठीण जातं.

मला खरं शिकवलं ते एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी. एक अख्खा हिवाळा त्यांनी मला एकच लेन्स वापरायला लावली आणि दर रविवारी एकाच भिंतीचा फोटो मागितला, सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला. मी कंटाळले, चिडले. आज एखाद्या घरात शिरल्याबरोबर खिडकी कुठे आहे ते मी आधी बघते, ते त्यांच्यामुळे.

एसीचंही सांगून ठेवते. लग्नाच्या थंडगार हॉलमधून बाहेर आलात की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका आणि त्या वेळी लेन्स अजिबात बदलू नका, वाफ थेट सेन्सरवर बसेल. हॉलमध्येच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटं तसाच ठेवायचा. किनाऱ्यावरून आलात की बॉडी ओलसर कपड्याने पुसून मग कोरडी करा, मीठ राहू देऊ नका.

पावसाळ्यात कॅमेरा ठेवून देणं मी आता सोडलं आहे. आषाढी एकादशीनंतर आमच्या देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो, चिखलात खेळायचा उत्सव, होतो, तिथे मी पहिल्यांदा कॅमेरा नेला तेव्हा हात थरथरत होते. बॉडीवर प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या पुढच्या हूडभोवती रबर, शटर सेकंदाचा १/१०००, आयएसओ १६००. चिखलात लोळणारी मुलं, अंगावर तेल, वरून धो धो. पाठीवर थाप मारून एकाने माझ्या पिशवीलाही चिखल लावला. घरी येऊन सगळं मलमलने पुसलं, लेन्स तासभर पंख्याखाली ठेवली, मग डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा ४६ होता.

ती ७०-३०० अजून माझ्याकडे आहे. समोरून ऊन आलं की अजूनही थोडं पांढरं धरते. म्हणून चोडणला मी ऊन पाठीवर घेऊनच उभी राहते, आणि ओहोटीला चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे तिच्यात स्वच्छ येतात, पाठीवरच्या ठिपक्यांसकट.