सेरिक अमोनियम नायट्रेट हाताळताना या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा उलगते न उलगते तोच सोलापुरातल्या कॉलेजांत बारावीच्या प्रॅक्टिकलची तयारी सुरू होते. फंक्शनल ग्रुप (संयुगातला अल्कोहोल, फिनॉल असा गट) ओळखायच्या रॅकवर एक नारिंगी द्रावणाची बाटली हमखास असते: सेरिक अमोनियम नायट्रेट, सेरियम या दुर्मिळ मृदा धातूचं संयुग. अल्कोहोलचे दोन थेंब पडले की पिवळसर नारिंगी रंग लाल होतो, मुलं जर्नलमध्ये निष्कर्ष लिहितात आणि पुढच्या ट्यूबकडे वळतात. इतक्या वर्षांत काही झालं नाही म्हणून या बाटलीकडे कोणी फारसं पाहत नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. हे रसायन स्वतः जळत नाही, पण ज्याला लागतं त्याला पेटायला ऑक्सिजन पुरवतं. म्हणून चुका बहुतेक वेळा बाटलीत होत नाहीत, बाटलीच्या आजूबाजूला होतात.

सांडलं की फडकं फिरवणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि तिच्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी. सोलापूर टॉवेल-चादरींचं गाव. कारखान्यातले टॉवेलचे तुकडे आणि कॉटन वेस्ट इथल्या लॅबमध्ये कायम हाताशी असतं. रिएजंट (चाचणीचं द्रावण) सांडलं की लॅबमधले मामा पटकन तुकडा फिरवतात आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकतात, नाहीतर कोपऱ्यातल्या टोपलीत. सुती धागा म्हणजे सेल्युलोज, म्हणजेच इंधन. त्यात नायट्रेट मुरलं आणि पाणी उडून गेलं की इंधन आणि ऑक्सिजन देणारा पदार्थ धाग्याधाग्यात एकत्र येतात. असं फडकं पेटलं तर साध्या कापडासारखं धुमसत बसत नाही, भडकतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर असताना ते वाळायलाही वेळ लागत नाही.

द्रावण सांडलं तर आधी त्यावर भरपूर पाणी घाला, मग पुसा, आणि फडकं वाळायच्या आत बादलीत तीन-चार पाण्यांतून खळबळून काढा. कोरडे खडे सांडले असतील तर प्लास्टिकच्या सुपलीने गोळा करा आणि जागा पाण्याने धुवा. लाकडाचा भुसा टाकून टिपायची सवय काही ठिकाणी अजून आहे. ती या रसायनासाठी पूर्ण बंद करा. वजन करताना रद्दीचा किंवा वहीचा कागद वापरू नका, वॉच ग्लास घ्या. वापरलेला फिल्टर पेपर पाण्यात बुडवून, पिळूनच टाका. संध्याकाळी कचरा उचलायला येणाऱ्या मावशींना टोपलीत काय आहे हे कळायचा काही मार्ग नसतो, त्यामुळे ही जबाबदारी टोपलीत टाकणाऱ्याची आहे.

इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेलं कपाट

शोधायला सोपं म्हणून बाटल्या अक्षरक्रमाने लावतात. मग सेरिक अमोनियम नायट्रेटच्या शेजारी चारकोल आणि सायट्रिक ॲसिड येतं, आणि खालच्या कप्प्यात जागा होती म्हणून इथेनॉल-ॲसिटोन. कोळशाची पूड आणि नायट्रेट ही बंदुकीच्या दारूतली जोडी आहे, ती एका फळीवर नकोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅब बंद असते. तेव्हाची गरमी या खड्यांना फारसं काही करत नाही, पण इथेनॉलची वाफ तेरा अंश सेल्सिअसपासून पुढे आणि ॲसिटोनची तर शून्याच्याही खाली वीस अंशांपासून पेट घेऊ शकते. बंद कपाटात ती साठत राहते. घट्ट झाकणाची काचेची बाटली, खाली प्लास्टिकचा ट्रे आणि सेंद्रिय रसायनांपासून लांब, वेगळा कप्पा एवढं तरी करायलाच हवं.

पावसाळ्यात गुठळ्या झाल्या तर खलबत्त्यात कुटू नका. आधीच्या पदार्थाचा अंश खलात राहिलेला असतो. प्लास्टिकच्या चमच्याने हलके मोकळे करा. धातूचा स्पॅच्युलाही नको. आम्लात मिसळलेलं हे रसायन क्रोमियम कोरून काढायला उद्योगात वापरतात, मग क्रोम चढवलेल्या चिमट्याची चकाकी जाणारच.

हायड्रोक्लोरिक ॲसिडने बाटली विसळणं

बाटलीच्या तळाशी पिवळा थर बसला की बाथरूमचं ॲसिड ओतायचा मोह होतो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. सेरिक आयनाचं क्षपण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद) सुमारे १.६१ व्होल्ट, क्लोरीनचं १.३६. अर्थ सरळ आहे: क्लोराइडपासून क्लोरीन वायू सुटतो, तोही तोंड बाटलीजवळ असताना. रिएजंट बनवताना पातळ नायट्रिक ॲसिडच वापरतात, आणि विसळायला साधं पाणी पुरतं.

रंग येत नाही, मग गरम करून बघणं

लाल रंग आला नाही की मुलं ट्यूब बर्नरवर धरतात. उलटा परिणाम होतो. उष्णतेने अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं, सेरियम रंगहीन रूपात जातो आणि आलेला रंगही उडतो. ही टेस्ट थंडच करायची. रंग न येण्याची खरी कारणं वेगळी असतात. नमुना पाण्यात विरघळत नसेल तर तो डायऑक्झेन या सेंद्रिय द्रावकात विरघळवून घ्यावा लागतो. दहापेक्षा जास्त कार्बनचं अल्कोहोल असेल तर या टेस्टवर भरवसा ठेवू नये. फिनॉल असेल तर लाल नाही, हिरवट तपकिरी साका दिसतो. आणि काही न टाकताच लाल रंग येत असेल तर डायऑक्झेन अशुद्ध आहे, म्हणून नुसत्या डायऑक्झेनची कोरी चाचणी आधी करून घ्या. जुनं डायऑक्झेन मात्र जपून वापरा, त्यात पेरॉक्साइड (स्फोट होऊ शकणारी संयुगं) तयार झालेली असू शकतात.

डोळे, आणि आपला पाण्याचा प्रश्न

या रसायनाचा माणसाला सर्वांत मोठा थेट धोका डोळ्यांना आहे. कायमची इजा होऊ शकते. चष्मा घातल्याशिवाय ड्रॉपर हातात द्यायचा नाही, यात सवलत नको. डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मगच सिव्हिलला किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. इथे सोलापूरची अडचण येते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि वरची टाकी प्रॅक्टिकलच्या मधोमध संपू शकते. म्हणून बॅच सुरू करण्याआधी नळ उघडून बघा, आणि तोटी असलेला स्वच्छ पाण्याचा मोठा कॅन फक्त डोळ्यांसाठी भरून ठेवा. प्यायला त्यातलं कोणी घेऊ नये म्हणून ठळक चिठ्ठी लावा.

आगीचंही तसंच. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर किंवा वाळूची बादली हवा तोडते, पण इथे ऑक्सिजन नायट्रेटमधूनच मिळत असतो. भरपूर पाणी हाच उपाय. तपकिरी धूर दिसला तर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आहे. मुलांना आधी बाहेर काढा.

पालक कधी कधी किरणोत्साराबद्दल विचारतात. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत दुर्मिळ मृदा धातूंसोबत किरणोत्सारी थोरियम असतो, हे खरं. पण तो शुद्धीकरणात वेगळा काढतात. लॅबमधल्या बाटलीबाबत ही भीती नको, वर सांगितलेली काळजी हवी.

सरळ बेसिनमध्ये ओतणं

जलचरांना हे रसायन फार विषारी आहे, आणि सांडपाणी शेवटी ओढ्या-नाल्यांतूनच जातं. टेबलावर अर्धी पाण्याने भरलेली रुंद तोंडाची बरणी ठेवा आणि सगळ्या ट्यूब तिच्यात रिकाम्या करा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होऊ शकतो. दिवसाच्या शेवटी लॅबच्या जबाबदार व्यक्तीने, खिडक्या उघडून, सोडियम बायसल्फाइट थोडं थोडं घालत पिवळा रंग जाईपर्यंत ढवळायचं. मग धुण्याच्या सोड्याने उदासीन केलं की सेरियमचा पांढरा साका खाली बसतो. तो घातक कचऱ्याच्या डब्यात जमा करायचा. कॉस्टिक सोडा वापरू नका, अमोनियाचा भपका नाकात जाईल. आणि हे सगळं पातळ द्रावणावरच करायचं. बाटलीत उरलेल्या कोरड्या खड्यांवर बायसल्फाइट कधीही टाकायचं नाही.